वसंताच्या नावाचं पान

११ सप्टेंबर १९९१, तीर्थपुरी
चौथीचा वर्ग बाकांवर ठेका धरून कविता म्हणायचा. तो धडधडाट आज एसटीतून उतरताच कानात घुमला. माझी पहिली मास्तरकी इथल्याच शाळेत. आता पेन्शनीत मुक्कामालाच आलोय. दुर्गाबाईंनी पुढची खोली भाड्याने दिली. खिडकीशी कडुलिंब, कोनाड्यात माझी कवितांची जुनी क्रमिक पुस्तकं. शेजारचे कडूबा म्हणाले, "गुरुजी, म्हातारपणी पुन्हा शाळेत नाव घातलं का काय?" पुष्कळ हसलो.

बाईंचा एकुलता वसंता तुरुंगात आहे. बांधाच्या भांडणात खून. फाशीची शिक्षा झालीय, अपील चालू आहे. एवढं सांगून बाई भाकरी थापायला लागल्या.

१९ सप्टेंबर
गणपतीपुढे व्हिडिओवर सिनेमा लावला होता, फाशीच्या कैद्याचा. नट सुरेख. कोठडीत भिंतीशी बोलतो, केलेला खून पुन्हा पुन्हा मनात करत राहतो. शेवटी त्याला फाशी देतात आणि घरी नंतर कळवतात. दुर्गाबाई पुढच्याच सतरंजीवर होत्या. त्यांना उठवायचं कोणालाच सुचलं नाही. वाटेत म्हणाल्या, "अगुदर देतेत, मंग सांगतेत. व्हय गुरुजी?" सिनेमा आहे तो, मी म्हणालो. पण उन्हाळ्यापासून वसंताची खबर नाही.

२ ऑक्टोबर
पितृपंधरवडा. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं पान कधी वाढायचं, बाईंनी विचारलं. सर्वपित्रीला, मी सांगून बसलो. मास्तरकीची खोड; विचारलं की उत्तर. मग त्यांनी मलाच पितर म्हणून जेवायला बोलावलं. वसंताच्या नावानं. अहो, तो जिवंत असेल, मी म्हणालो. "असंल तर देव पावला. पर नसंल तर उपाशी हिंडत असंल लेकरू." त्या पानावर बसायला मी हो म्हणालो.

७ ऑक्टोबर
सर्वपित्री. वसंताच्या पानावर बसलो. बाईंनी पाय धुतले, गंध लावलं. खीर, कढी, वडे. पहिला घास गिळताना गळ्याभोवती काहीतरी आवळलं. माळवदावर ठेवलेल्या घासाला कावळा शिवला नाही. बाई मात्र किती दिवसांनी हसल्या. पोटभर जेव, म्हणाल्या. एकेरीत.

८ ऑक्टोबर
घट बसले. माझी पुस्तकं कोनाड्यात नाहीत. तिथे वसंताचा सदरा, घडी घालून. बाई आता गुरुजी म्हणत नाहीत. कडूबांना सांगायला गेलो, तर ते नुसते माझ्या मानेकडे पाहत राहिले.

९ ऑक्टोबर
मानेवर वळ. दुखत नाही. पाठ असलेल्या ओळी आठवत नाहीत — आठवते ती कोठडी. भिंतीचे पोपडे, कोपऱ्यातली बादली. सिनेमातली नव्हे, दुसरीच. बांधावर कुऱ्हाड उचलली — कोणी? मी तर —

१० ऑक्टोबर, दुपार
दार वाजतंय. "माय, म्या हाय, वसंता. सुटलो. वरच्या कोर्टानं सोडलं गं —"

फटीतून पाहिलं. बाईंचंच कपाळ. धुळीनं भरलेले पाय, उन्हात सावली पडलेली. जिवंत माणूस.

बाई कडीला पाठ लावून उभ्या आहेत. पितरात जेवू घातलेल्याला पुन्हा घरात घ्यायचं नसतं, म्हणतात. रडताहेत. तो खरा आहे, तुमचाच, मी म्हणालो — त्यांनी माझं तोंड दाबलं. "बोलू नको वसंता. भाईर कोणतरी तुझा आवाज काढून राह्यलंय."

तो दारावर डोकं आपटतोय. मला ओ द्यायचीय — मी गुरुजी, थांब, उघडतो — पण तोंडातून निघतंय ते — माय —