धुराला पाणी

प्रिय महादेवी,

फोन केला की तू मीटिंगात हाय म्हणून ठेवून देतीस, म्हणून लिहून राहिले. माझं अक्षर कसं हाय ते तुला ठाऊक हाय, हसू नकोस. अन् शेवटापर्यंत वाच, अर्ध्यात टाकू नकोस.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकायला तुला मीच धाडलं. वाटलं, पोरगी पूल बांधील, धरण बांधील. तू जाऊन बसलीस वीज करायच्या थर्मलच्या चिमणीपाशी, धूर धरत. दिवाळीला आलीस तेव्हा समजावून सांगितलंस, कोळशाचा धूर औषधाच्या पाण्यातून काढायचा, त्यातला हवा तापवणारा वायू वेगळा करायचा, अन् पुढं कधीतरी तो जमिनीत खोल पुरायचा. आत्ता नुसती चाचणी हाय. पुरायचं म्हणलीस तेवढं मला पटलं. आपल्या लिंगायतात तर माणूस बी जाळत न्हाईत, मातीत बसवतात. मी गावभर सांगत सुटले, माझी लेक धूर पुरती. आता गौरम्मा रोज पाण्याच्या रांगेत विचारती, काय गं, धुराला बसवून पुरतात का आडवं? लई वैताग आणलाय बाईनं.

दुष्काळाचं काय सांगू. रेणापूरहून टँकर येतो म्हणतात, आला तर अर्धा सांडून येतो. लातूर नवा जिल्हा झाला त्या साली तुझ्या बापानं मारलेलं बोर तेवढं अजून पाणी देतंय, ते बी धापा टाकत. सगळं गाव घागरी घेऊन आपल्या दारात. भांडणं मीच सोडवते, शिव्या बी मीच खाते. सकाळी लिंगाला पळीभर पाणी घालते अन् तेच तीर्थ म्हणून पिते. अन् तू मागं एकदा फोनवर सांगितलंस, माय, मशीन थंड ठेवायला पाणी लागतं, चाचणी मधीच थांबली तर साहेब लोक सगळंच गुंडाळतील. मशीनला एवढी तहान लागती, हे दिवाळीला बोलली न्हाईस.

सोमवारी तुझ्याकडं पाणी पोचलं न्हाई ना? टँकर पंक्चर झाला म्हणून सांगितलं असंल. खोटं हाय. तुमचा ठेकेदार माणिकप्पा टँकर घेऊन आपल्याच दारात आला होता. म्हणला, मावशी, ताईंच्याच कामाला पाणी न्यायचंय, परकं समजू नका. बाया घागरी धरून माझ्या तोंडाकडं बघून राहिल्या. मी बोरच्या मोटारीचा फ्यूज काढला, कंबरेला खोचला अन् त्याला रिकामा धाडला. तुझी चाचणी थांबली असंल तर माझ्यामुळं थांबली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळू नये, म्हणून लिहायला बसले.

बोर त्याला तूच दाखवलंस का, ते लिहून कळवू नकोस. येऊन सांग. रागानं आलीस तरी चालंल. तुझ्या अंघोळीला एक बादली झाकून ठेवलीय. गौरम्माला कळू देऊ नकोस.

तुझीच,
माय