नीलसुताचा दुसरा पदर

मी, नीला काशीराम खातू, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त हस्तकला शिक्षिका, राहणार महाड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. शर्मिला वारंगे यांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे त्याच म्हणाल्या. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

कलम पहिले. नाते येथील वडिलार्जित नऊ गुंठे जागा आणि त्यातील तीन आंब्याची झाडे माझा भाचा दीपेश याला द्यावीत. तो माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. २०२१ च्या पुरात रस्ता बंद असताना तो डोंबिवलीहून निघून शेवटचे बारा किलोमीटर चालत माझ्यासाठी पाणी आणि मेणबत्त्या घेऊन आला होता. ते मी विसरलेले नाही. पुढचे कलम वाचून त्याने तसा समज करून घेऊ नये.

कलम दुसरे. महाडमधील माझे राहते घर, त्यातील दोन चरखे, लोकर पिंजण्याच्या फण्या, पीळ देण्याचे यंत्र आणि विणकामाच्या सगळ्या सुया रखमा सहदेव उतेकर आणि तिची सून सेजल या दोघींच्या नावे कराव्यात. दीपेशला मी हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "आत्या, घर परक्यांना?" मी म्हटले, "परके कोण ते सांगायलाच कागद करतेय." त्याला नीट कळावे म्हणून पुढचे सविस्तर लिहिते.

पुरानंतर पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या काही वाड्यांतली माणसे खाली एका शाळेत आणून ठेवली होती. मी तिथे आलेले कपडे वाटण्याच्या कामाला जात असे. रखमा तिथे सेजल आणि नात अनुष्का यांच्यासह होती. अनुष्का तेव्हा चार महिन्यांची. मुंबईहून आलेल्या गाठोड्यातला एक गुलाबी स्वेटर मी तिला घातला. छान दिसत होता. दुसऱ्या दिवशी रखमा तो हातात घेऊन आली.

"बाई, हे नको आमाला. पोरीची पाठ बघा, सगळी घामोळ्यांनी भरली हाय."

"अगं, पण गारठा आहे. बाळाला काहीतरी घालायला हवं."

"गारठा हाय ते खरं. पण हे प्लास्टिक हाय. ह्यातनं वारा नाय जात."

पस्तीस वर्षे मी मुलींना विणकाम शिकवले आणि तोच अ‍ॅक्रिलिकचा धागा त्यांच्या हातात दिला होता. बाजारात स्वस्त तोच मिळे. नुसते सूत घ्यावे तर धुतल्यावर लोंबते आणि आमच्या पावसात चार दिवस वाळत नाही. नुसती लोकर टोचते. म्हणून सूत आणि लोकर एकत्र करून कोकणातल्या दमट हवेला चालेल, बाळाला टोचणार नाही असा धागा करायचा, हे माझ्या मनाने त्या दिवशी घेतले. कल्पना माझी, एवढे मी म्हणू शकते. त्याच्या पुढचे नाही.

त्या हिवाळ्यात हैबती कोकरे नावाचे मेंढपाळ घाट उतरून आमच्याकडे मेंढरे घेऊन आले. ते दर वर्षी येतात. लोकरीला गिऱ्हाईक नाही म्हणून कातरलेली लोकर बांधावर टाकून जातात. मी मागितली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहून घेतले. मग म्हणाले, "बाळासाठी हवी तर कोकरांची पयली लोकर न्या. ती मऊ." पुढल्या वर्षी त्यांनी ती वेगळ्या पोत्यात भरून आणली. रखमा आणि सेजलने त्यांना किंवा त्यांच्या मुलाला दर हिवाळ्यात एक जाड घोंगडी आणि आमच्या धाग्याची कानटोपी द्यावी. हे कलम तिसरे समजावे.

रखमाची आई अंबाडीचे दोर वळत असे, त्यामुळे पीळ तिच्या बोटांत होता. आठवड्यातून तीन दिवस ती एसटीने महाडला येऊ लागली. आधी आम्ही कापूस आणि लोकर एकत्र पिंजून कातू म्हटले, तर गाठीच गाठी आल्या. मग सुताचा एक पदर आणि लोकरीचा एक पदर असा दुपदरी पीळ दिला. धागा देखणा झाला. मी त्याचे झबले विणले. पहिल्या धुण्यात लोकर आकसली, सूत होते तेवढेच राहिले आणि झबल्याची कुर्डई झाली.

अशा अकरा कुर्डया झाल्या. लोकरीचा पदर मी आधी धुऊन घेत असे, पण लडी सरळ राहावी म्हणून तिला खाली दगड बांधून ताणून सुकवत असे. माझ्या पुस्तकात तसेच होते. वर्षाहून अधिक काळ गेला. मी हे काम सोडून देण्याच्या बेतात होते.

कलम चौथे, हे वैराबद्दल. आमच्या शाळेचे एक मुख्याध्यापक माझ्या तासाला "मोकळा तास" म्हणत आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला देऊन टाकत. त्यांना मी माफ करायचे ठरवले होते, पण जमले नाही. हे वैर मी कोणाला वारसाने देत नाही. ते माझ्याबरोबर संपेल.

कलम पाचवे. आता मुख्य गोष्ट. रखमा गुडघ्यांसाठी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जात असे. २०२३ च्या मार्चमध्ये ती जाताना लोकरीच्या चार लड्या पिशवीत घालून घेऊन गेली. मला विचारले नाही. कुंडात नाही, बादलीत पाणी काढून तिने त्या भिजवल्या, चांगल्या चुबकल्या आणि कुंपणावर नुसत्या टाकल्या. संध्याकाळी आणून माझ्यासमोर ठेवल्या. वेड्यावाकड्या, आखूड झालेल्या. मी रागावले.

ती म्हणाली, "ताणू नका बाई. तिला जेवढं आकसायचं हाय तेवढं आधीच आकसू द्या. मंग सुताशी पीळ घाला."

त्या धाग्याचे बारावे झबले मी सात वेळा धुतले. ते जसेच्या तसे राहिले. अनुष्का तोवर दोन वर्षांची झाली होती. तिच्या मापाचा बंडी-स्वेटर विणला, तो तिने आषाढभर घातला आणि एकदाही पाठ खाजवली नाही.

धाग्याला "नीलसूत" हे नाव सेजलने सुचवले. मला आवडले, मी नको म्हटले नाही. २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या एका विणकाम प्रदर्शनात आम्ही दोनशे लड्या घेऊन गेलो. दुपारपर्यंत बायकांनी टेबलाभोवती गर्दी केली. एक बाई मोबाइलवर चित्रण करत होत्या. त्यांनी विचारले, "लोकर आकसत कशी नाही? ही युक्ती कोणाची?"

मी म्हणाले, "माझी."

रखमा टेबलामागे खाली बसून पिशव्या उघडत होती. तिने वर पाहिले आणि पुन्हा पिशवीत हात घातला. ते चित्रण हजारो लोकांनी पाहिले. मला शिक्षिका म्हणून जन्मात मिळाली नाही एवढी शाबासकी त्या आठवड्यात मिळाली. परतीच्या गाडीत रखमाने डबा उघडला आणि नेहमीसारखी अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. ती रागावली असती तर मला बोलता आले असते.

पुढे दोन महिने ती आली नाही. हात दुखतात असा सेजलकडून निरोप आला. मी तिच्या वाडीवर गेले, ओटीवर बसले, चहा घेतला, हवापाण्याचे बोलले आणि तिने दिलेले नाचणीचे पीठ घेऊन परत आले. जे सांगायला गेले होते ते सांगितलेच नाही. नंतर ती आपणहून कामाला आली, पण सवच्या पाण्याचे नाव तिने माझ्यासमोर पुन्हा काढले नाही.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर हे कलम आमच्या विणणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात सर्वांसमोर वाचून दाखवावे आणि युक्ती रखमा उतेकर हिची आहे हे जाहीर करावे. हे काम मृत्युपत्राचे व्यवस्थापक, माझे शाळेतले सहकारी राजेंद्र गायकवाड यांनी करावे.

कलम सहावे, हे नंतर जोडले आहे. रखमाला या कागदाने घर मिळणार असल्यामुळे तिला साक्षीदार करू नये असे वकिलांनी सांगितले. ते तिला समजावे म्हणून मी तिला घरी बोलावून सगळा कागद वाचून दाखवला. पाचवे कलम वाचताना मी चष्मा दोनदा पुसला. ती चरख्याजवळ बसून ऐकत होती.

वाचून झाल्यावर म्हणाली, "बाई, हे मेल्यावर कशाला?"

"तोंडाने सांगायला लाज वाटते गं."

"तुमी गेल्यावर गायकवाड गुरुजी वाचणार. मंग मी कोणाकडं बघू?" मग म्हणाली, "घराचं ऱ्हाऊ द्या हवं तर. पण हे हयात हाय तवर सांगा."

मी विचारले, धाग्याचे नाव बदलायचे का. ती म्हणाली, "नाव कशाला बदलता? बायका त्याच नावानं मागतात. कोणी केलं तेवढं सांगा."

२७ एप्रिल २०२५ रोजी दासगावला आमचा मेळावा झाला. चाळीसेक बायका होत्या. मी उभी राहिले आणि पुण्याला मी खोटे बोलले होते हे सांगितले, कोणत्या दिवशी आणि कोणत्या प्रश्नाला तेही सांगितले. सेजलने त्याचे चित्रण करून पुण्याच्या त्या बाईंना पाठवले. रखमाला बोलायला सांगितले तर ती आधी उठेचना. मग उठली आणि बादली, कुंपण, लडी सगळे हातवारे करून सांगू लागली. बायका खुर्च्या ओढून तिच्याभोवती बसल्या. पाऊण तास प्रश्न विचारत होत्या. मला कोणी एकही प्रश्न विचारला नाही. मला वाईट वाटले, हे लिहून ठेवते. वाईट वाटूनही मी शेवटपर्यंत बसले आणि घरी आल्यावर शांत झोपले, हेही लिहून ठेवते.

घराचे कलम तसेच राहील. ते माझ्या खुशीचे आहे, भरपाईचे नाही. पाचव्या कलमातील वाचून दाखवण्याचे काम मी हयातीतच उरकले, म्हणून तेवढा शेवटचा परिच्छेद खोडला आहे; व्यवस्थापक मात्र गायकवाडच राहतील. वाचता येईल असाच खोडला आहे आणि खोडलेल्या जागी सही केली आहे.

सही: नीला काशीराम खातू

नीलाबाईंनी हा कागद आम्हा दोघांसमोर स्वतः मोठ्याने वाचला, प्रत्येक पानावर व खोडलेल्या जागी सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. डॉ. शर्मिला वारंगे, महाड
२. प्रवीण सखाराम मालुसरे, शेजारी, महाड

ठिकाण: महाड
दिनांक: ५ मे २०२५