मुद्दा क्रमांक सहा

६ जानेवारी, सकाळी ११
दुकान उघडलं. नव्या वर्षाचे संकल्प: एक, दुकानातली सिगार स्वतः ओढायची नाही. दोन, रोज ही वही लिहायची. (पाच दिवस आधीच बुडाले, पण तेव्हा वही आणली नव्हती.) तीन, सरकारला नमवायचं.

वडिलांनी दुकान काढलं तेव्हा माणसं संध्याकाळी येऊन एक सिगार निवडायला अर्धा तास लावायची. आता निवांत बसलेला माणूस दिसला की लोक विचारतात, बरं नाही का? सुखाची किंमत कळणारी पिढी गेली. जे उरले त्यांचा जीव करापायी चाललाय.

विक्री: एक काडेपेटी.

८ जानेवारी
दर महिन्याच्या आठ तारखेला करखात्याचा तपासनीस येतो. आला. पेट्यांवरचे कराचे स्टँप मोजले, रजिस्टरवर सही केली आणि मग खुर्चीत दीड तास बसला. सरकारी वेळ! तंबाखूचं पान कसं मुरवतात, राख लांब का टिकली पाहिजे, सगळं सुनावलं त्याला. एक सिगार नाकाशी धरून ऐकत होता. ओढत नाही. जाताना म्हणाला, तुमच्याकडं आलं की बरं वाटतं. केसानं गळा कापणारी माणसं ही.

१३ जानेवारी
तेविसावा अर्ज लिहायला घेतला. विषय नेहमीचाच, सिगारवरचा कर रद्द करणेबाबत. अकरा वर्षं लिहितोय. पण या वेळी मुद्दा क्रमांक सहा असा काही सुचला! या करातून खात्याला जेवढं मिळतं त्याहून जास्त तपासनिसाच्या बसभाड्यात जातं, मग कर हवा कशाला? वाचून स्वतःच टाळी वाजवली. शेजारच्या न्हाव्याला वाचून दाखवलं. त्याच्या हातात वस्तरा होता, म्हणून टाळी वाजवता आली नाही.

२० जानेवारी, दुपार
गुप्त. घाऊक व्यापाऱ्याचा फोन. बजेटमध्ये सिगारवरचा कर दुप्पट होणार, आतली बातमी. म्हणजे आज घेतलेला माल उद्या सोनं! त्याच्याकडं साठ पेट्या आहेत. फक्त माझ्यासाठी ठेवल्यात म्हणाला. माणूस लाखात एक.

पैसे बँकेत आहेत, दोघांच्या नावावर. तसे ते बायकोचे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही आणि तिचे गुडघे गेलेत. बारा वर्षं मशीनला पाय मारून, लोकांचे पडदे शिवून साठवलेत तिनं. तळमजल्यावरच्या बाई मुलाकडं राहायला चालल्यात, जागा आम्हाला द्यायला तयार आहेत. बयाणा द्यायचाय पंधरा मार्चला. बजेट एक मार्चला. मधे चौदा दिवस. गणित सरळ आहे.

संध्याकाळी पैसे काढले. घेतले नाहीत, उसने घेतलेत. तिला सांगायची गरज नाही, कारण तिला कळायच्या आत परत जागेवर.

२३ जानेवारी
माल आला. वीस पेट्या दुकानात, चाळीस घरी, झोपायच्या खोलीत. बायकोला सांगितलं, व्यापाऱ्याचा माल आहे, विकला जाईपर्यंत ठेवायला दिलाय. यात विकला जाईपर्यंत हे शंभर टक्के खरं आहे.

चार मजले, चाळीस पेट्या. कमरेत उसण भरली.

२ फेब्रुवारी
सिगारला दमट हवा लागते, नाहीतर पान तडकतं. खिडक्या बंद केल्या. दोरीवर ओले टॉवेल, चार बशांत ओले स्पंज. ओलाव्याचा काटा ६९. उत्तम! बायको म्हणाली, उशी ओली लागते आणि गुडघे रात्रभर ठणकतात. वाईट वाटलं. एक टॉवेल काढला. काटा ६४ वर आला. पुन्हा लावला.

८ फेब्रुवारी
तपासनीस. तेविसावा अर्ज पोस्टानं न पाठवता सरळ त्याच्या हातात दिला. सहावा मुद्दा त्यानं दोनदा वाचला. वर्मी लागला असणार. अर्ज घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, बरोबर आहे तुमचं. शत्रूनं शस्त्र टाकलं की कसा चेहरा होतो ते आज पाहिलं. चहा मी मागवला, तो निव्वळ माणुसकी म्हणून. दोनदा.

१४ फेब्रुवारी
बायकोला अर्थशास्त्र समजावलं. कर वाढला की भाव वाढतो, भाव वाढला की साठा करणारा तरतो. ती पडद्याला दुमड घालत होती. मान वर न करता म्हणाली, आणि तुमचं ऐकून सरकारनं कर काढून टाकला तर?

पोट धरून हसलो. अकरा वर्षांत एका पत्राचं साधं उत्तर नाही, आणि सरकार माझं ऐकणार! बायकांना व्यवहार कळत नाही तो असा.

२२ फेब्रुवारी
माल तपासण्यासाठी ओढणं म्हणजे ओढणं नव्हे. चार तपासल्या. काटा ७०. बायको आता बाहेरच्या खोलीत झोपते.

१ मार्च, दुपारी १२.४०
रेडिओ लावून बसलोय. न्हावी दुकान सोडून आलाय. होणार, दुप्पट होणार.

१ मार्च, १.१५
जिंकलो!!! सिगारवरचा कर संपूर्ण रद्द! अर्थमंत्र्यांचे शब्द: वसुलीचा खर्च उत्पन्नाहून अधिक असल्यामुळे. मुद्दा क्रमांक सहा! माझा! न्हाव्याला एक सिगार फुकट, दारावरून चाललेल्या पोस्टमनलाही एक. वडिलांच्या फोटोपुढं उभा राहिलो आणि ढसाढसा रडलो.

१ मार्च, २.०५
एक मिनिट.

२ मार्च
व्यापाऱ्याला फोन केला. नवा भाव निम्म्याच्या आसपास. जुना माल परत घ्याल का, विचारलं. तो म्हणाला, अभिनंदन, तुमच्या अर्जाचं कानावर आलं. मग म्हणाला, दुसरा फोन येतोय.

४ मार्च
घाबरायचं कारण नाही. दर्दी माणूस भाव बघत नाही. दारात पाटी लावली: कर भरलेल्या अस्सल सिगार, मोजकाच साठा. दंतवैद्य आला. वर्षातून एकदा येणारं माझं खात्रीचं गिऱ्हाईक. पाटी वाचली, पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानातला आजचा भाव सांगितला आणि माझा दात दुखतोय का म्हणून विचारलं. म्हणे चेहरा तसा दिसतोय.

८ मार्च
खुर्ची पुसून ठेवली. धूळ होती म्हणून.

तपासनीस चार वाजता आला, रजिस्टर न मागता बसला. मग सगळं बाहेर आलं. वर अहवाल त्यानंच पाठवला होता, माझा सहावा मुद्दा जसाच्या तसा उतरवून. म्हणाला, अकरा वर्षं तुमचं दुखणं ऐकत होतो, म्हटलं एकदा तरी आपल्या हातून तुमचं काम व्हावं. त्याची बदली झालीय, शीतपेयांवर. मी विचारलं, कर परत लावता येईल का? त्याला वाटलं थट्टा करतोय. पुढच्या आठ तारखेला कोण येणार, विचारलं. म्हणाला, कुणी नाही, सुटलात तुम्ही. जाताना हात हातात घेतला, सोडवत नव्हता. त्याला की मला, ते नक्की सांगता येणार नाही.

तो गेल्यावर यादी काढली, गेल्या वर्षात या खुर्चीत कोण कोण बसलं. तपासनीस, बारा वेळा. यादी संपली.

१० मार्च
चोविसावा अर्ज. विषय: सिगारवर कर पुन्हा लावणेबाबत, शक्यतो दुप्पट. स्वतः कचेरीत घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, हा विभागच एक तारखेपासून बंद झालाय. मग नाव वाचून म्हणाल्या, अहो, तुमचा अर्ज तर मंजूर झालाय ना?

१३ मार्च
आज सांगायचंच. जेवण झालं की लगेच. जेवण झालं. ती म्हणाली, खालच्या खिडकीला आपले स्वतःचे पडदे शिवायला घेतलेत, आयुष्यात पहिल्यांदा. मला भीती वाटते. सरळ लिहितो, दुसरं कोण वाचणार आहे. उद्या सांगेन.

१४ मार्च
साठपैकी एक पेटी विकली. न्हाव्यानं घेतली, निम्म्या भावात, माझी दया येऊन.

१५ मार्च
ती चांगली साडी नेसून, पर्स घेऊन तयार. बँकेतून पैसे काढून तसंच खाली बाईंकडं जायचं होतं. दुसऱ्या मजल्यावर ती गुडघे धरून थांबली, तिथं सांगितलं. सगळं. व्यापाऱ्याचा माल, बँक, कर.

ती पायरीवर बसली. मी वाट बघत होतो, ओरडेल, रडेल. तिनं एकच विचारलं. कर वाढणार याची तुम्हाला एवढी खात्री होती, तर तो रद्द करा म्हणून अर्ज कशाला लिहिलात?

अकरा वर्षांत हे मला सरकारनंही विचारलं नव्हतं.

१९ मार्च
तळमजल्यावर दुसऱ्या कुणाचं सामान आलं. कपाट, खाट, लहान मुलाची सायकल. आम्ही बाजारातून येत होतो. ती क्षणभर थांबली, त्यांना म्हणाली, जागा चांगली आहे, ऊन येतं. मग जिन्याला लागली. मी म्हटलं, पिशवी दे. दिली नाही. प्रत्येक मजल्यावर ती थांबली, तेव्हा मी दोन पायऱ्या खाली थांबलो. पुन्हा म्हटलं, दे. नाही दिली. चौथ्या मजल्यापर्यंत मी तिच्या मागे रिकाम्या हातानं चढलो.