बारावी ओळ

४ ऑगस्ट, सोमवार
आज रुजू झाले. बुलढाण्याहून सकाळच्या एसटीनं मोताळ्याला उतरले, तिथून रिक्षानं वृद्धाश्रम. निंबाची झाडं, धुतलेली फरशी, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. राहायला स्वतंत्र खोलीही मिळाली! व्यवस्थापक वैजनाथ सर म्हणाले, काम एकच, अडतीस रहिवाशांची यादी संगणकावर नीट ठेवायची. रोज सकाळी तिचा कागद छापायचा; चहा, जेवण, औषधं सगळं त्या कागदावरून चालतं.

एक्सेलची शीट उघडली तर वरची अक्षरं गायब, डावीकडचे आकडे गायब, चौकटीच्या रेघाही नाहीत. आधीची मुलगी म्हणे यालाच वैतागून गेली. मला हसूच आलं. व्ह्यूमध्ये जाऊन दोन टिक केल्या, सगळं जागच्या जागी. सरांनी खूश होऊन चहा पाजला.

५ ऑगस्ट
भगवानरावांशी ओळख झाली. सुलतानपूरचे, एकतीस वर्षं एसटी चालवली. ओंजळभर शेंगा टेबलावर ठेवून म्हणाले, "कोणाची वं तू, पोरी?" मग प्रत्येक घाटातलं वळण तोंडपाठ सांगत बसले. काम राहिलं, पण दिवस मजेत गेला.

६ ऑगस्ट
आज आकडे अकरानंतर थेट तेरा. बारावी ओळ भगवानरावांची. दोन्हीकडच्या ओळी निवडून अनहाइड केलं, म्हणजे लपलेली ओळ परत दिसते. नाही. फिल्टर लागलेला नाही. ओळीची उंची वाढवली. नाही. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत बाराव्या ओळीचा पत्ता टाकून थेट तिथं गेले, तर वरच्या पट्टीत त्यांचं नाव स्पष्ट दिसतं. खाली शीटमध्ये मात्र नाही.

दुपारी पंगतीत वाढणाऱ्या सिंधूताई भगवानरावांना ओलांडून पुढच्याला वाढत गेल्या. "मले काऊन नाही वाढलं वं?" त्यांनी मला विचारलं. कागदात चूक झाली म्हटलं, माझं ताट दिलं.

७ ऑगस्ट
कागदावर त्यांचं नाव पेनानं लिहिलं. सिंधूताईंनी यादी मोठ्यानं वाचली, तेवढं नाव सोडून. हात धरून त्यांना खाटेपाशी नेलं. भगवानराव समोर बसलेले. सिंधूताई म्हणाल्या, "इथं कोनीच नाही राह्यत, ताई."

त्या गेल्यावर भगवानरावांनी स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग हळूच, "मी मेलो का वं?"

मी त्यांचा हात हातात घेतला. गरम होता.

८ ऑगस्ट
नवी फाइल केली. सगळी नावं पुन्हा टाइप. त्यांचं नाव शेवटी टाकलं, तर शेवटची ओळ गेली. मधे टाकलं, तर मधली. सरांना दाखवलं. म्हणाले, सदतीसच तर आहेत, उगाच घोळ घालू नका.

संध्याकाळी अर्जुनराव म्हणून नवे गृहस्थ आले. त्यांना तीच खाट. त्यांनी पिशवी भगवानरावांच्या मांडीवर ठेवली. भगवानराव उठले.

९ ऑगस्ट
ते आता व्हरांड्यात असतात. मला सदरा दिसतो, चेहरा — नीट नाही. अर्धी भाकर ठेवली होती, खाल्ली. दुपारभर त्यांचा हात धरून बसले. हात कळतो. दिसत नाही.

१० ऑगस्ट
भाकर तशीच. हाका मारल्या. चाचपडले. सगळे माझ्याकडे बघत होते. हात सापडत —

११ ऑगस्ट
कर्मचाऱ्यांची शीट. तीननंतर पाच. चौथी ओळ माझी. उंची वाढवली. अनहाइड, अनहाइड —

सर माझ्या खुर्चीत बसून फोनवर सांगत होते, संगणकासाठी मुलगी पाहिजे. मी शेजारी उभी. आईला फोन लावला. आई नुसती हॅलो, हॅलो, कोण आहे — मी ओरडत होते —

१२ ऑगस्ट
पेन अजून उमटतं. लिहून ठेवते. भगवानराव. सुलतानपूर. एसटी ड्रायव्हर, एकतीस वर्षं. हा माणूस होता. आणि मी, माझं नाव —