गोदामातली म्हातारी

अण्णा,

मी ड्यूटीला निघाले. आपल्या आईसाठी रागीची गंजी, म्हणजे नाचणीची पातळ पेज, झाकून ठेवलीय. स्वल्प, अगदी थोडीशी कोमट कर आणि उशी उंच करून सावकाश भरव.

काल तू मित्राला फोनवर तुझी कादंबरी वाचून दाखवत होतास. जग बुडालंय, माणसं आपल्या इथल्या यशवंतपूरच्या गोदामात लपलीत आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचे हाल बघवेनात म्हणून डॉक्टर तिला शेवटचं इंजेक्शन देतो. आईनं सगळं ऐकलं. तुझ्या आवाजाला भिंत पुरते थोडीच!

सकाळी मी तिची कूस बदलत होते. ती रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या म्हातारीला कुणी विचारलं का गं?"

गंजी भरवताना ती तुलाही हेच विचारेल.

रम्या