इंजिनाच्या वहीतलं नाव

बॉथेल, अमेरिका

ती. बाबा,

नमस्कार. आईचा गुडघा आता कसा आहे?

नोकरी गेल्यावर मी कम्युनिटी कॉलेजात विमानाची इंजिनं शिकते म्हटलं, तेव्हा तुम्ही फोन आईकडे दिलात. म्हणून हे लिहिते.

काल ऐंशी वर्षांपूर्वीचं इंजिन चालू करायचं होतं. आधी पंखा हाताने फिरवून बघतात. माझ्या हातात तो मध्येच अडला. मागून एकजण म्हणाला, "जस्ट पुश." मी हात काढून घेतला. एसटीच्या डेपोत तुम्ही सांगायचात, अडलं की जोर लावायचा नाही, कारण शोधायचं. या इंजिनाचे सिलिंडर गोलाकार असतात, तेल झिरपून खाली साचतं; सर्वांत खालच्या सिलिंडरचा प्लग काढला, तर वाटीभर तेल निघालं. जोर लावला असता तर आतला दांडा वाकला असता.

सरांनी विचारलं, कुठे शिकलीस? म्हटलं, वडिलांकडे. मग ते म्हणाले, इंजिनाच्या कामाच्या वहीत नोंद तूच कर.

घर नीट चाललंय. तुमचा जावई राजीव हल्ली दोन शिफ्ट करतो, एवढंच.

इथे मधलं नाव कोणी लिहीत नाही. इंजिनाच्या वहीत मी मात्र पूर्ण सही केली, खाली केलीय तशीच.

तुमची,
हेमांगी यशवंत खोत