पासपोर्ट कपाटात आहे

बिश्केक, शुक्रवार

प्रिय वैजू,

मी सुखरूप पोचलो. खोली उबदार आहे. फोनवर आवाज सांभाळता येणार नाही, म्हणून लिहून पाठवतो आहे.

तनुजाला अजून भेटलेलो नाही. काल गेस्ट हाउसवाल्यांनी नोंदणीसाठी पासपोर्ट घेतला. मॅनेजर तो कपाटात ठेवून, किल्ली घेऊन गावी गेला. पासपोर्टशिवाय हॉस्पिटलात आत सोडत नाहीत. झेरॉक्स चालत नाही.

काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, उद्या सकाळी माझ्या मुलीचं ऑपरेशन आहे.

"मॅनेजर सोमवारी येतील."

"त्यांना फोन तरी लावा."

"सुट्टीत ते फोन घेत नाहीत. तोवर तुम्ही शहर बघा." आणि त्यांनी मला नकाशा दिला.

आपल्या नारायण पेठेत निदान कपाळाला आठ्या घालून नाही म्हणतात. या हसून म्हणतात.

आईच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना?

हॉस्पिटल इथून दहा मिनिटांवर आहे. दोनदा फाटकावरून परत आलो. तनुजाला मात्र विमान रखडलं आहे असं कळवलं आहे. तिचा फोन आला तर तूही तेच सांग. मी इतक्या जवळ बसून आहे, हे ऑपरेशनला जाताना तिला कळायला नको.

दोघी जपून राहा.

तुझा,
हेमंत